आतड्याचे अस्तर: अन्न शरीरात शिरते कसे

शरीरशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत एक विधान वर्षानुवर्षे ठाण मांडून होते: माणसाच्या लहान आतड्याची आतली बाजू उलगडून पसरली, तर ती टेनिसच्या मैदानाएवढी भरेल. आकडा दिला जाई तो 200 ते 300 चौरस मीटरचा. 2014 साली स्वीडनमधल्या गोथेनबर्ग येथील हर्बर्ट हेलांडर आणि लार्स फॅन्ड्रिक्स या संशोधकांनी हे गणित मुळापासून पुन्हा मांडले. जिवंत माणसांच्या क्ष-किरण तपासण्यांतून मिळालेली आतड्याची लांबी-रुंदी आणि निरोगी अस्तराच्या नमुन्यांची सूक्ष्मदर्शकाखालची मोजमापे त्यांनी एकत्र केली. उत्तर आले ते बरेच लहान होते. संपूर्ण पचनमार्गाचा आतला पृष्ठभाग सरासरी 32 चौरस मीटर आणि त्यातले सुमारे 2 मोठ्या आतड्याचे. लहान आतड्याच्या वाट्याला साधारण 30 चौरस मीटर, म्हणजे सव्वातीनशे चौरस फुटांच्या आसपास. मुंबईतल्या एखाद्या छोट्या घराएवढे.

मैदान आक्रसून घर झाले, तरी थक्क करणारी गोष्ट शिल्लक राहतेच. जिवंत माणसाचे लहान आतडे साधारण 3 मीटर लांब आणि अडीच सेंटिमीटर रुंद धरले आणि ते रबरी नळीसारखे आतून गुळगुळीत असते असे मानले, तर त्याचा पृष्ठभाग पाव चौरस मीटरही भरत नाही. शवविच्छेदनात हेच आतडे 6-7 मीटर लांब भरते, कारण तेव्हा स्नायूंचा ताण गेलेला असतो. पण तेवढी लांबी धरूनही हिशेब अर्ध्या चौरस मीटरच्या आसपासच थांबतो. उरलेले सगळे क्षेत्रफळ अस्तराच्या घडणीतून येते. आणि क्षेत्रफळ हा या घडणीचा एक भाग झाला. काय आत घ्यायचे, कुठे घ्यायचे, काय बाहेर अडवायचे आणि झिजलेला पृष्ठभाग कसा बदलायचा, ही कामेही तेच अस्तर करते.

गिळलेला घास आतड्यात पोहोचला तरी तो अजून शरीरात आलेला नसतो. आतड्याची पोकळी तोंडाकडून आणि गुदद्वाराकडून बाहेरच्या जगाशी जोडलेली आहे. घास आणि रक्त यांच्यामध्ये पेशींचा अवघा एक थर उभा असतो. कुपोषण, रक्तक्षय, जुलाब, वाढ खुंटलेली मुले या सगळ्यांचा विचार करताना ताटात काय पडले याची मोजदाद आपण करतो. त्या एका थराची अवस्था काय आहे, हा प्रश्न फार कमी वेळा विचारला जातो.

घडी, अंकुर आणि ब्रश

अस्तराची पहिली रचना नुसत्या डोळ्यांना दिसते. आतडे उभे चिरले की आत आडव्या, अर्धगोलाकार घड्या दिसतात. सोळाव्या शतकात इटलीतल्या फालोप्पिओने त्या नोंदवल्या होत्या. पण नाव लागले ते 1670 मध्ये त्यांचे वर्णन छापणाऱ्या ॲमस्टरडॅमच्या थिओडोर केर्करिंगचे. जठराच्या सुरकुत्या अन्न भरल्यावर सपाट होतात. या घड्या मात्र आतडे कितीही फुगले तरी मोडत नाहीत, कारण त्यांच्या गाभ्यात अस्तराखालचा तंतुमय थर असतो. ड्युओडेनम या पहिल्या भागात, जठराच्या तोंडापासून काही सेंटिमीटरवर त्या सुरू होतात. ड्युओडेनमचा शेवट आणि जेजुनम या मधल्या भागाची सुरुवात येथे त्या सर्वांत दाट व उंच असतात. इलियम या शेवटच्या भागात विरळ होत जातात. पृष्ठभागात त्यांनी घातलेली भर माफक आहे, नव्या हिशेबानुसार सुमारे दीडपट. त्यांचे आणखी एक काम म्हणजे पुढे सरकणाऱ्या अन्नरसाला थोपवून घुसळणे.

या घड्यांवर आणि त्यांच्या मधल्या जागेत रसांकुर उभे असतात. डॉक्टर त्यांना व्हिलाय म्हणतात. प्रत्येक रसांकुर अर्धा ते एक मिलिमीटर उंच असतो आणि एका चौरस मिलिमीटरमध्ये असे 20 ते 40 अंकुर दाटीने बसतात. 1745 साली योहान नथानाएल लीबरक्यून या जर्मन वैद्याने त्यांच्यावर आपला प्रबंध लिहिला. रक्तवाहिन्यांत रंगीत द्रव भरून सूक्ष्मदर्शकाखाली त्या पाहण्यात त्याचा हातखंडा होता. रसांकुरांच्या पायथ्याशी असलेल्या बारीक खळग्या आजही लीबरक्यूनच्या नावाने ओळखल्या जातात. या खळग्यांकडे पुढे परत यावे लागेल, कारण सगळ्या अस्तराचा उगम तिथे आहे.

रसांकुर आतून रिकामा नसतो. त्याच्या गाभ्यात केशवाहिन्यांचे जाळे असते, मधोमध लसिका वाहून नेणारी एक बंद टोकाची नळी असते आणि सोबत स्नायूंचे काही धागे असतात. हे धागे आकसले की अंकुर आखूड होतो, सैल झाले की लांबतो. त्या हालचालीने लसिका पुढे ढकलली जाते. लसिकेच्या या नळ्या माणसाच्या नजरेला प्रथम पडल्या 1622 मध्ये. इटलीचा गास्पारे आसेल्ली याने नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याचे पोट उघडले, तेव्हा आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यात त्याला पांढऱ्या रेषांचे जाळे दिसले. एक रेष कापताच दुधासारखा द्रव बाहेर आला. उपाशी प्राण्यात त्या रेषा दिसत नव्हत्या. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर 1627 मध्ये रंगीत लाकूडठशांच्या चित्रांसह छापला गेला.

तिसरी पायरी साध्या सूक्ष्मदर्शकाच्या आवाक्याबाहेर होती. एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांना शोषक पेशींच्या वरच्या कडेला बारीक रेघांचा एक पट्टा दिसे. तो कशाचा बनला आहे यावर वाद होता. 1950 मध्ये ग्रेंजर आणि बेकर यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून त्या रेघा सुट्या करून दाखवल्या. पेशीच्या पापुद्र्याचे ते हजारो उंचवटे होते. या सूक्ष्म रसांकुरांची, म्हणजे मायक्रोव्हिलायची उंची असते सुमारे 1 मायक्रॉन आणि जाडी तिचा दहावा हिस्सा. एकेका पेशीवर ते दोन-तीन हजार तरी असतात. प्रत्येकाच्या आत ॲक्टिन या प्रथिनाच्या वीस-तीस धाग्यांची मोळी असते. व्हिलिन, फिम्ब्रिन यांसारखी प्रथिने ती बांधून ठेवतात आणि मोळीची मुळे पेशीच्या वरच्या भागातल्या तंतूंच्या जाळ्यात रोवलेली असतात. या सगळ्या दाटीला शास्त्रज्ञ ब्रश बॉर्डर म्हणतात.

जुन्या पुस्तकांतले गणित असे होते: घड्यांमुळे तिप्पट, रसांकुरांमुळे दहापट, सूक्ष्म रसांकुरांमुळे वीसपट, एकूण 600 पट. नव्या मोजणीत घड्यांची भर दीडपटीच्या आसपास आली आणि रसांकुर व सूक्ष्म रसांकुर यांची एकत्रित भर 60 ते 120 पट. आकडे बदलले, पण तीन पायऱ्यांची रचना आणि त्यांचा क्रम कायम राहिला.

ब्रशवरची शेवटची कापणी

वरण-भात, त्यावर तुपाची धार आणि लिंबाची फोड. हा साधा घास आतड्यात उतरला की त्यातला प्रत्येक घटक वेगळ्या दाराने आत जातो.

भातातल्या स्टार्चचे तुकडे लाळेतले आणि स्वादुपिंडातले एन्झाइम करतात, पण ते काम अर्धवट राहते. दोन-तीन ग्लुकोजचे जोड आणि फांद्या असलेले तुकडे उरतात. शोषक पेशीला सुटी साखरच घेता येते. त्यामुळे शेवटची कापणी ब्रश बॉर्डरवरच होते. तिथल्या पापुद्र्यात माल्टेज, सुक्रेज, लॅक्टेज ही एन्झाइम रोवलेली असतात. साखर जिथे सुटी होते तिथून तिला आत घेणारे दार काही नॅनोमीटरवरच असते.

लॅक्टेज हे त्यातले सर्वांत नाजूक प्रकरण. दुधातली साखर तोडणारे हे एन्झाइम जगातल्या बहुसंख्य माणसांत बालपणानंतर कमी होत जाते. ज्यांच्यात ते टिकते, त्यांच्या डीएनएमध्ये लॅक्टेजच्या जनुकाशेजारी एक विशिष्ट बदल असतो. युरोपीय लोकांत आढळणारा हाच बदल भारतातही सापडतो आणि उत्तर-पश्चिमेकडे तो अधिक आहे. ज्यांच्यात लॅक्टेज कमी आहे त्यांना पेलाभर दूध प्यायल्यावर पोटात गुडगुडते, पण दही चालते, कारण विरजणातल्या जिवाणूंनी काही लॅक्टोज आधीच संपवलेले असते आणि त्यांचे स्वतःचे एन्झाइम आतड्यात उरलेल्या लॅक्टोजवरही काम करते. जुलाबाच्या जोरदार आजारानंतरही काही दिवस दूध पचत नाही. लॅक्टेज रसांकुरांच्या वरच्या भागातल्या प्रौढ पेशींवर असते आणि आजारात पहिला मार तिथेच बसतो.

सुट्या ग्लुकोजला आत घेणारे प्रथिन म्हणजे एसजीएलटी-1. 1960 च्या ऑगस्टमध्ये प्राग येथील एका परिसंवादात अमेरिकी जीवरसायनतज्ज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी एक कल्पना मांडली. ग्लुकोज एकटे आत जात नाही, सोडियमच्या जोडीने जाते. पेशीच्या तळाशी असलेला पंप सतत सोडियम बाहेर फेकत राहतो, म्हणून पेशीत सोडियम कमी असते. बाहेरचे सोडियम आत येऊ पाहते आणि येताना ग्लुकोजला सोबत ओढते. आज आपल्याला ठाऊक आहे की एका ग्लुकोजमागे दोन सोडियम आत येतात. त्यांच्यामागोमाग पाणी येते. या साध्या वाटणाऱ्या जोडीने पुढे किती जीव वाचवले ते नंतर पाहू.

वरणातल्या प्रथिनांची गोष्ट थोडी वेगळी. पूर्वी समजूत होती की प्रथिने अगदी सुट्या अमिनो आम्लांपर्यंत तुटल्याशिवाय शोषली जात नाहीत. हार्टनप नावाच्या दुर्मीळ आनुवंशिक दोषाने ती मोडली. या रुग्णांच्या आतड्याला काही अमिनो आम्ले सुटी घेताच येत नाहीत, तरीही बहुतेकांना प्रथिनांची मोठी कमतरता होत नाही. कारण तीच अमिनो आम्ले दोन-तीनच्या साखळ्यांत असली की दुसऱ्या दाराने आत जातात. ते दार म्हणजे पेप्ट-1 हे प्रथिन. साखळीचे उरलेले तुकडे पेशीच्या आत होतात.

तुपाचा मार्ग सर्वांत लांब. पित्तातले क्षार स्निग्धांशाचे बारीक थेंब करतात, स्वादुपिंडातले लायपेज ते फोडते आणि सुटे झालेले मेदाम्ल पित्तक्षारांच्या वेष्टनात ब्रशपर्यंत पोहोचते. पेशीत शिरल्यावर मेद पुन्हा जोडला जातो आणि प्रथिनाचे आवरण चढवून कायलोमायक्रॉन नावाचे गोळे तयार होतात. हे गोळे केशवाहिन्यांच्या भिंतीतून जाण्याइतके लहान नसतात. ते रसांकुराच्या मधल्या लसिकानळीत जातात, तिथून छातीतल्या मोठ्या लसिकावाहिनीने मानेजवळच्या शिरेत उतरतात. साखर आणि अमिनो आम्ले थेट यकृताकडे जातात. तुपाचा मोठा हिस्सा आधी सगळ्या शरीरात फिरतो. आसेल्लीला दिसलेला दुधाळ द्रव म्हणजे हेच कायलोमायक्रॉन होते. कोलेस्टेरॉलला आणखी वेगळे दार आहे. ते अडवणारे इझेटिमाइब हे औषध 2002 मध्ये अमेरिकेत मंजूर झाले, तेव्हा ते दार नेमके कोणते याचा पत्ता लागला नव्हता. तो 2004 मध्ये लागला.

राहिली लिंबाची फोड. डाळीत लोह असते, पण ते अशा रूपात असते की पेशीला उचलता येत नाही. क जीवनसत्त्व त्याचे रूप बदलून ते विरघळलेले ठेवते. म्हणून वरणावर लिंबू पिळण्याला चवीपलीकडचा अर्थ आहे. जेवणावर लगेच घेतलेला चहा नेमका उलटा परिणाम करतो. त्यातली टॅनिन्स लोहाला बांधून टाकतात. लोह आत घेण्याचे काम प्रामुख्याने ड्युओडेनम करते. आत आलेले लोह रक्तात सोडायचे की नाही, हे यकृतात तयार होणारे हेप्सिडिन हे संप्रेरक ठरवते. शरीरात लोह पुरेसे असले, किंवा कुठे जंतुसंसर्ग धुमसत असला, की हेप्सिडिन वाढते आणि पेशीचे मागचे दार बंद होते. लोह पेशीतच अडकते आणि काही दिवसांनी ती पेशी गळून पडते तेव्हा तिच्याबरोबर बाहेर जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाच्या आढळल्या. त्यांच्यासाठी गोळ्यांचे वाटप आवश्यक आहेच, पण वारंवार संसर्ग होणाऱ्या शरीरात गोळीतले लोहही याच दाराशी अडते.

जागेप्रमाणे काम

आतड्याची सगळी लांबी सारखी नसते. ड्युओडेनममध्ये लोह आणि कॅल्शियम, जेजुनममध्ये साखर, प्रथिने व मेद यांचा मोठा भाग, आणि इलियममध्ये दोन खास गोष्टी: ब-12 जीवनसत्त्व आणि पित्तक्षार. पित्तक्षारांपैकी 95 टक्क्यांच्या आसपास इलियम परत घेते आणि यकृताकडे पाठवते. ब-12 ची वाट लांबलचक आहे. जठरातून स्रवणारे एक प्रथिन त्याला चिकटते आणि ती जोडी इलियमच्या टोकाशी असलेल्या ग्राहकांनाच ओळखू येते. एका जेवणातून या मार्गाने दीड-दोन मायक्रोग्रॅमच ब-12 आत जाऊ शकते.

भारतात इलियमच्या या कामाला विशेष महत्त्व आहे. आतड्याचा क्षयरोग सर्वाधिक आढळतो तो इलियम आणि मोठे आतडे यांच्या सांध्यावर. तो भाग रोगाने खराब झाला किंवा शस्त्रक्रियेत काढावा लागला, तर ब-12 ची इंजेक्शने घ्यावी लागू शकतात. ज्यांचे इलियम उत्तम आहे त्यांच्या ताटातही ब-12 कमी असू शकते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली, तेव्हा दोन तृतीयांश जणांत ब-12 कमी आढळले. शाकाहारी आहार हे त्यामागचे मोठे कारण होते.

एका दिवसात या आतड्यात उतरणारे द्रव पाहिले तर शोषणाचा आवाका लक्षात येतो. आपण पितो-खातो त्यातून सुमारे 2 लिटर, आणि लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस व आतड्याचे स्वतःचे स्राव मिळून आणखी 6-7 लिटर. मोठ्या आतड्यापर्यंत त्यातले दीड-दोन लिटर जाते, आणि शौचावाटे बाहेर पडते 100-200 मिलिलिटर. हा हिशेब जरा जरी बिघडला तरी माणूस काही तासांत कोरडा पडतो.

दर चार-पाच दिवसांनी नवे अस्तर

आम्ल, पित्त, एन्झाइम आणि अब्जावधी जिवाणू यांच्या सततच्या सहवासात कोणताही पृष्ठभाग टिकणे कठीण. आतडे टिकवण्याचा प्रयत्नच करत नाही. ते अस्तर बदलत राहते. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या शार्ल लब्लाँ यांनी 1948 मध्ये उंदरांच्या आतड्यात हे दाखवले. पेशी खळग्यांत जन्मतात, रसांकुराच्या अंगावरून वर सरकतात आणि टोकाशी पोहोचल्या की गळून पडतात. माणसात हा प्रवास तीन ते पाच दिवसांचा असतो.

खळगीतली मूळ पेशी नेमकी कोणती, यावर नंतर कित्येक दशके वाद चालला. 2007 मध्ये नेदरलँड्समधल्या उट्रेख्त येथील हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने तिची खूण शोधली. एलजीआर-5 हे जनुक चालू असलेल्या, खळगीच्या तळाशी बसलेल्या सडपातळ पेशी म्हणजेच मूळ पेशी. दोन वर्षांनी त्याच प्रयोगशाळेत तोशिरो सातो यांनी अशी एकच पेशी योग्य माध्यमात वाढवली आणि तिच्यातून खळग्या व अंकुरसदृश भाग असलेले इवलेसे आतडे तयार झाले. ऑर्गनॉइड नावाच्या या तंत्राने आज रुग्णाच्या स्वतःच्या पेशींवर औषधे तपासता येतात.

मूळ पेशींतून शोषक पेशींखेरीज इतरही पेशी घडतात. गॉब्लेट पेशी चिकट श्लेष्मा सोडतात. खळगीच्या तळाशी, मूळ पेशींना खेटून बसलेल्या पानेथ पेशी जंतुनाशक प्रथिने स्रवतात आणि शेजारणींना वाढीचे संकेतही देतात. संप्रेरक पेशी आतड्यातल्या अन्नाची चव घेऊन स्वादुपिंड, पित्ताशय आणि मेंदू यांना निरोप धाडतात. 1902 मध्ये लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी शोधलेले सिक्रेटिन याच पेशींचे. हार्मोन ही संकल्पनाच त्यातून रूढ झाली.

पेशीपेशींमधल्या फटी घट्ट शिवणींनी बंद असतात. इलियममध्ये जागोजागी लसिकापेशींचे पुंजके आहेत. 1677 मध्ये त्यांचे वर्णन करणाऱ्या स्विस वैद्य पायर यांचे नाव त्यांना मिळाले. त्यांच्यावरच्या खास पेशी आतड्यातले जंतूंचे नमुने मुद्दाम आत घेऊन प्रतिकारयंत्रणेला दाखवतात. विषमज्वराचे जिवाणू याच वाटेचा गैरफायदा घेतात. म्हणूनच उपचार न झालेल्या विषमज्वरात आतड्याला भोक पडते ते बहुधा पायरच्या पुंजक्यांच्या जागी.

हा पृष्ठभाग गरजेप्रमाणे वाढतो आणि घटतोही. महिना-महिना उपाशी राहणारा बर्मी अजगर शिकार गिळतो, तेव्हा एक-दोन दिवसांत त्याचे सूक्ष्म रसांकुर कित्येक पटींनी लांब होतात. पचन संपले की पुन्हा आखडतात. माणसात इतकी टोकाची लवचीकता नाही. तरी शस्त्रक्रियेत आतड्याचा मोठा भाग गेला, तर उरलेल्या भागातले रसांकुर हळूहळू उंच आणि खळग्या खोल होतात. त्यामागच्या जीएलपी-2 या संप्रेरकाचे टिकाऊ रूप, टेडुग्लुटाइड, 2012 पासून अमेरिकेत औषध म्हणून मिळते.

अस्तर सपाट होते तेव्हा

हेगचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके गव्हाविषयी आधीपासून साशंक होते. 1944-45 च्या हिवाळ्यात, जर्मन नाकेबंदीमुळे नेदरलँड्समध्ये पाव मिळेनासा झाला. देश उपाशी होता, पण सीलिअक रोगाची मुले सुधारली. पाव परतला आणि त्यांचा आजारही परतला. 1950 च्या प्रबंधात डिके यांनी गव्हाचा दोष सप्रमाण मांडला. 1954 मध्ये इंग्लंडच्या पॉली यांनी शस्त्रक्रियेतून मिळालेल्या नमुन्यांत अशा रुग्णांचे रसांकुर खराब झालेले दाखवले. पुढच्या दोन-तीन वर्षांत मार्गोट शायनर आणि विल्यम क्रॉसबी यांनी तोंडावाटे नळी किंवा कॅप्सूल सोडून अस्तराचा नमुना घेण्याची साधने तयार केली. मग निदान शस्त्रक्रियेवाचून होऊ लागले.

सीलिअकमध्ये गव्हातल्या ग्लुटेनचे न तुटलेले तुकडे आत शिरतात आणि विशिष्ट जनुकीय ठेवण असलेल्या माणसाची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच अस्तरावर उठते. रसांकुर खुजे होतात, कधी पूर्ण सपाट होतात. खळग्या मात्र खोल होतात, कारण नवे अस्तर बनवण्याची धडपड चालूच असते. भारतात हा आजार उत्तरेच्या गहू खाणाऱ्या पट्ट्यात अधिक दिसतो. तिथे लोकसंख्येतल्या साधारण एक टक्का लोकांत तो आढळला आहे. दक्षिणेत प्रमाण फार कमी आहे. उपचार एकच, ग्लुटेन आयुष्यभर बंद. महाराष्ट्रातल्या रुग्णाला यात एक मोठा आधार आहे: ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ या चारही धान्यांत ग्लुटेन नाही. गिरणीत आधी गहू दळलेला नसेल एवढी काळजी घेतली, तर भाकरी हे त्याचे सुरक्षित अन्न आहे.

रोटाव्हायरसचा हल्ला वेगळ्या प्रकारचा. 1973 मध्ये मेलबर्नमध्ये रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जुलाब झालेल्या बालकांच्या ड्युओडेनमच्या नमुन्यांत हा विषाणू दिसला. तो रसांकुराच्या वरच्या प्रौढ पेशी मारतो. खालच्या खळग्या बहुतांशी शाबूत राहतात, म्हणून काही दिवसांत अस्तर भरून येते. तेवढे दिवस बाळ जगवणे हे खरे आव्हान. कॉलराचे तंत्र त्याहून निराळे. त्याचे विष पेशी मारत नाही. ते पेशींना क्लोराइड आणि पाणी बाहेर ओतायला लावते, पण सोडियम-ग्लुकोजचे दार तसेच चालू राहते.

याच फटीतून जीवरक्षक द्रावण, म्हणजे ओआरएस, आले. कोलकात्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी 1953 मध्ये तोंडावाटे दिलेल्या मीठ-ग्लुकोजच्या पाण्याचा कॉलरावरील अनुभव प्रसिद्ध केला होता. 1968 मध्ये ढाक्यात डेव्हिड नालिन आणि रिचर्ड कॅश यांनी ग्लुकोज व क्षार यांचे प्रमाणबद्ध द्रावण रुग्णांवर यशस्वी करून दाखवले. आणि 1971 मध्ये, बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत सलाइन संपत आल्यावर डॉ. दिलीप महालनाबिस यांनी पिंपांत द्रावण कालवून नातेवाइकांच्या हाती दिले. सुमारे 30 टक्क्यांवर गेलेला मृत्युदर त्यांच्या देखरेखीखालच्या रुग्णांत 3.6 टक्क्यांवर आला. 2023 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

या द्रावणाची ताकद त्याच्या प्रमाणात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2002 च्या सूत्रात एका लिटरमध्ये 13.5 ग्रॅम ग्लुकोज आणि 2.6 ग्रॅम मीठ असते, सोबत पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. ग्लुकोज आणि सोडियमचे रेणू संख्येने सारखे, दोन्ही 75 मिलिमोल. साखर वाढवली तर न शोषलेली साखर उलट पाणी आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात. म्हणून जुलाब झालेल्या मुलाला गोड सरबत, शीतपेय किंवा डब्यातला रस देणे घातक ठरू शकते. पाकिटावरचे सूत्र वाचून, सांगितलेल्या मापाच्या पाण्यातच ते विरघळवायला हवे.

न दिसणारी झीज

सर्वांत मोठा प्रश्न मात्र अशा मुलांचा आहे ज्यांना कोणताही ठळक आजार दिसत नाही.

1960 च्या दशकात भारत, पाकिस्तान, थायलंड आणि आफ्रिकेतल्या निरोगी वाटणाऱ्या माणसांच्या अस्तराचे नमुने घेतले गेले, तेव्हा त्यांचे रसांकुर पाश्चात्त्य नमुन्यांपेक्षा आखूड आणि रुंद निघाले. तिथे राहायला आलेल्या अमेरिकी स्वयंसेवकांतही तसाच बदल दिसला. मायदेशी परतल्यावर तो हळूहळू भरून आला. म्हणजे कारण वंशात नसून परिसरात होते. त्याच काळात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये सेल्विन बेकर आणि व्ही. आय. मथन यांनी दक्षिणेतल्या गावांत साथीसारखा पसरणारा ट्रॉपिकल स्प्रू बारकाईने अभ्यासला. अस्तर झिजून शोषण ढासळणारा तो आजार प्रतिजैविके आणि फॉलिक आम्लाने सुधारतो.

आज या छुप्या झिजेला पर्यावरणजन्य आंत्रविकार म्हणतात. दूषित पाणी, उघड्यावरचे शौच, घराभोवतीची घाण यांतून मुलाच्या आतड्यात जंतूंचा मारा सतत होत राहतो. रसांकुर खुजे होतात, पेशींमधल्या शिवणी सैल पडतात, प्रतिकारयंत्रणा कायम पेटलेली राहते. मुलाला जुलाब असतीलच असे नाही. ते खाते, पण खाल्लेले पुरते शोषले जात नाही आणि शोषलेल्यातला काही भाग दाहाशी लढण्यात खर्च होतो. 2019-21 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पाच वर्षांखालच्या मुलांपैकी देशात 35.5 टक्के आणि महाराष्ट्रात 35.2 टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. त्यामागे आईचे पोषण, जन्मावेळचे वजन, अपुरा आहार अशी अनेक कारणे आहेत. आतड्याचे अस्तर हे त्यांपैकी एक मानले जाते, आणि नेमका वाटा किती हे ठरवण्याचे काम चालू आहे.

तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या लशींच्या बाबतीतही संशय याच अस्तराकडे वळतो. भारतात विकसित झालेल्या रोटाव्हॅक लशीची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी दिल्ली, पुणे आणि वेल्लोर येथे झाली. पहिल्या वर्षात तीव्र रोटाव्हायरस जुलाबांपासून सुमारे 56 टक्के संरक्षण मिळाले. श्रीमंत देशांत रोटाव्हायरसच्या लशी याहून बऱ्याच अधिक परिणामकारक ठरतात. आपल्याकडे रोगाचा बोजा इतका मोठा आहे की 56 टक्क्यांचाही लाभ प्रचंड आहे, आणि 2016 पासून ही लस सार्वत्रिक लसीकरणात टप्प्याटप्प्याने आली. पण हा फरक का पडतो, याच्या संभाव्य उत्तरांत दाह झालेले आतडे वरच्या क्रमांकावर आहे.

उपाय सोपे नाहीत. बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वे येथे घरोघरी संडास, हात धुण्याची सोय, पाणी शुद्ध करण्याची साधने देऊन मोठ्या चाचण्या झाल्या. 2018-19 मध्ये त्यांचे निष्कर्ष आले: नुसत्या या सोयींनी मुलांची उंची वाढली नाही, आहारातल्या भरीने थोडी वाढली. यातून स्वच्छता निरुपयोगी ठरत नाही. घरापुरता संडास आणि बाटलीभर शुद्ध केलेले पाणी एवढ्याने रांगत्या मुलाच्या तोंडात जाणारे जंतू पुरेसे घटत नाहीत, असाच त्याचा अर्थ बहुतेक अभ्यासकांनी लावला. संपूर्ण वस्तीला नळाचे निर्धोक पाणी, मैल्याची खरी विल्हेवाट, कोंबड्या-जनावरांपासून वेगळी खेळायची जागा, असा मोठा पल्ला गाठावा लागेल. त्याला वर्षे लागतील आणि पैसाही.

तोवर हाताशी असलेल्या गोष्टी थोड्या नाहीत. पहिले सहा महिने निव्वळ आईचे दूध बाळाच्या अस्तराला प्रतिपिंडे आणि वाढीचे घटक पुरवते आणि दूषित पाण्यापासून दूर ठेवते. जुलाबात ओआरएसच्या जोडीला जस्ताच्या गोळ्या 10 ते 14 दिवस, सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज 20 मिलिग्रॅम आणि त्याहून लहान बाळाला 10; जस्त अस्तर भरून यायला मदत करते आणि पुढचे जुलाबही कमी करते. जुलाब थांबले की गोळ्या मध्येच सोडण्याची सवय घराघरांत आहे. आशा सेविका आणि अंगणवाडी ताईंनी दोन्ही आठवड्यांचा पाठपुरावा केला, तर खळगीतून वर चढणाऱ्या नव्या पेशींच्या निदान दोन पिढ्या त्या औषधाच्या आधाराने घडतात.